ह्यूगो आणि गिटहब पेजेस: चवथीच्या आरत्यांची साइट बनवली, त्याचा रिव्ह्यू

सरळच सांगतो, घरची, वाड्यावरची किंवा देवळाची माहिती, जी वर्षातून एकदा-दोनदाच बदलते, तिच्यासाठी साइट करायची असेल तर ह्यूगोमध्ये (साध्या टेक्स्ट फाइलींतून साइटची पानं बनवणारं सॉफ्टवेअर) बनवा आणि गिटहब पेजेसवर (गिटहब या कंपनीची साइट फुकट ठेवायची जागा) ठेवा. पैसे लागत नाहीत आणि काम चोख होतं. आता हे का म्हणतो आणि कुठे अडतं ते सविस्तर.

आमचं मूळ घर गोव्यात वाळपईच्या पुढे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळी भावकी तिथे जमते, कोण म्हापशाहून, कोण पुण्याहून, शारजावाल्या चुलतभावाला सुट्टी मिळाली तर तोही. घरात आम्ही कोकणी बोलतो पण आरत्या, पोथी, कीर्तन सगळं मराठीतून, गोव्यातल्या कितीतरी घरांत असंच आहे. आरत्यांचा आमचा क्रम ठरलेला, आधी गणपती, मग शंकर, देवी, विठोबा असं करत शेवटी ग्रामदेवतेची आरती, आणि ही शेवटची कुठल्याही छापील पुस्तकात मिळत नाही, ती फक्त मोठ्या काकांच्या वहीत. ती वही दरवर्षी पावसात दमट होते, शाई पसरलीय, काही पानं एकमेकांना चिकटलीत. काका होते तोवर वहीची गरजच नव्हती, ते म्हणायचे आणि बाकीचे मागून. ते गेल्यावर पहिल्या चवथीला दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे जोरात आणि पुढे आवाज कमी कमी होत गेला, नुसतं घुमट (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आमचं वाद्य) वाजत राहिलं. त्याच रात्री भावकीत ठरलं की हे सगळं नीट टाइप करून ठेवायचं.

मी पणजीत पाट्टोला एका ऑफिसात वेबसाइटचं काम करतो, बहुतेक हॉटेल बुकिंगची पानं. सीझन आला की नवीन डिझाइन, सीझन संपला की ते काढून दुसरं, चार-चार जण बसून केलेलं काम सहा महिन्यांनी कुठे दिसत पण नाही. त्यावर घर चालतं, मुलांची फी भरली जाते, त्याला मी कमी लेखत नाही. पण मनात असायचं की हाताला जे येतं त्यातलं थोडं तरी अशा कामात जावं जे माझ्या मुलांच्या मुलांना पण उघडता येईल, आणि म्हणून टूल निवडताना मी पहिला प्रश्न तोच धरला, वीस वर्षांनी हे चालेल का.

पहिल्यांदा भावकीतल्या एकाने फुकट साइट बनवून देणाऱ्या एका कंपनीकडे काही आरत्या टाकून बघितल्या होत्या. देवीच्या आरतीच्या मधोमध कर्जाच्या ॲपची जाहिरात यायची आणि आमचा मजकूर तिथून एकगठ्ठा बाहेर काढायची सोयच नव्हती. असल्या ठिकाणी आपलं काही ठेवायचं म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर. ऑर्कुट ही सोशल साइट आठवतेय ना, आपल्याकडे केवढं चालायचं, सप्टेंबर २०१४ ला बंद झालं आणि लोकांचं सगळं लिहिलेलं हळूहळू गेलं.

ह्यूगो यापेक्षा वेगळं आहे. २०१३ पासूनचं, गो या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, मुक्त सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर एकच फाइल उतरवायची आणि झालं. डेटाबेस लागत नाही, सर्व्हरवर काही चालवावं लागत नाही. प्रत्येक आरती ही एक साधी टेक्स्ट फाइल, वर दोन-चार ओळींत नाव आणि क्रम लिहायचा, खाली कडवी, आणि ह्यूगो त्यातून तयार एचटीएमएल पानं, म्हणजे ब्राउझरला थेट उघडता येतील अशी पानं, काढून देतं. आमची सगळी साइट मिनिट सोडा, एका सेकंदाच्या आत बनते. उद्या ह्यूगो बंद पडलं तरी माझ्याकडे टेक्स्ट फाइली आहेत आणि बनलेली पानं पण आहेत, ती कुठेही उघडतील. युरोपातल्या सर्न या विज्ञान संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला वेब सगळ्यांसाठी मोकळं केलं, तिथल्या त्या सुरुवातीच्या साइटची जपून ठेवलेली प्रत आजच्या मोबाइलवर पण नीट दिसते, साध्या एचटीएमएलवर माझा भरवसा आहे तो यामुळे.

आणि हलकं किती! देवनागरीचं एक एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट घेतं, म्हणजे दीड हजार चिन्हांची आरती धरली तरी साडेचार केबीच्या आसपास. वेगळा फॉन्ट मी घातलाच नाही, ॲण्ड्रॉइड फोनमध्ये देवनागरी असतोच, जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा प्रोग्रॅम, तो पण नाही. मूळ घरात रेंज फक्त माजघराच्या खिडकीत येते, आणि पावसात वीज गेली की ती पण नाही, तरी काकीच्या जुन्या फोनवर पान लगेच उघडतं, एकदा उघडून ठेवलं की आरती होईपर्यंत काही लागत नाही. अक्षर मोठं ठेवलंय, पांढऱ्यावर काळं, आणि जिथे घुमटाची लय बदलते त्या कडव्याच्या आधी लाल रेघ. ही रेघ घुमट वाजवणाऱ्या पोरांनी मागितली होती. घुमटाला २०१९ मध्ये गोवा सरकारने वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं ते छानच झालं, पण लय टिकते ती वाजवणाऱ्याला पुढचं कडवं माहीत असेल तरच.

काकीचा पहिल्यांदा विरोध होता. देवासमोर मोबाइल धरून कसली आरती म्हणता, असं तिचं म्हणणं, आणि मला ते पटतं पण, म्हणून आम्ही असं ठरवलं की चतुर्थीच्या आधी महिनाभर प्रत्येकाने फोनवर बघून पाठ करायचं आणि चौरंगापुढे फोन एकानेच धरायचा, तोही बाजूला उभं राहून. गेल्या चवथीला ग्रामदेवतेची आरती पुरी झाली, सगळी कडवी. काकीने मागाहून मला बोलावून फोन पुढे केला आणि म्हणाली, "बाबू, हांगा तिसऱ्या कडव्यांत एक अक्षर चुकलां, सारकें कर." ते मी तिथेच, खिडकीत उभं राहून, फोनवरून गिटहबवर दुरुस्त केलं, थोड्या वेळाने पान बदललं.

गिटहब पेजेसबद्दल. फुकट खात्यात साइट १ जीबीपर्यंत चालते, महिन्याला साधारण १०० जीबी ट्रॅफिकची मर्यादा आहे, आरत्यांना हे आयुष्यभर पुरेल. कुलूपवाला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित पत्ता, आपोआप मिळतो, त्याचं सर्टिफिकेट नवं करायची कटकट आपल्याकडे नाही. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, फुकट खात्यात तुमच्या फाइली जगाला उघड असतात, आणि नंतर काढून टाकलं तरी गिटच्या (फाइलींचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, गिटहब त्यावरच चालतं) इतिहासात जुनं राहतं. आमच्याकडे वंशावळ पण घालूया असा आग्रह होता, मी नाही म्हटलं. लहान मुलांची नावं, जन्मतारखा, फोन नंबर असल्या ठिकाणी नकोच, ते घरातच राहू दे.

त्रास कुठे होतो तर ह्यूगोच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पान कसं दिसेल ते ठरवणाऱ्या साच्यात, ती भाषा शिकायला वेळ जातो, आणि प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला सुरुवातीचं एकट्याने जमणं कठीण, भावकीत कोणीतरी जाणता लागतो. आवृत्ती अजून १ वर पोचलेली नाही, मधेच बदल होतात आणि जुनी थीम (तयार डिझाइन) अडते, म्हणून एकदा जमलं की तीच आवृत्ती धरून ठेवा. दुसरं म्हणजे फाइलची नावं देवनागरीत ठेवली तर कॉपी केलेल्या लिंकमध्ये टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब शेपटी येते, व्हॉट्सॲपवर ती बघून माणसं घाबरतात, तेव्हा पत्ता रोमन अक्षरात द्या आणि मजकूर देवनागरीत.

देवस्थानाला अभिषेकाचं बुकिंग, देणगीची पावती असलं काही हवं असेल तर मात्र हे नको, पेजेस धंद्याच्या व्यवहारासाठी नाहीच आणि मागे सर्व्हर नसल्यामुळे ते जमणार पण नाही. जत्रेची तारीख, पालखीची वेळ, नाटक कधी, भजनाची पाळी कोणाची, एवढ्यासाठी एकदम योग्य.

माझ्याकडून ५ पैकी ४, एक कापला तो टेम्प्लेटसाठी. सध्या माटोळीचं (चवथीला गणपतीवर टांगतात ती रानफळं-पानांची आरास) पान चालू आहे, कांगलां, घागऱ्यो, माट्टुळ, नागलकुडा, प्रत्येकाचा फोटो आणि रानात कुठल्या बाजूला मिळतं ते, फोटो बारीक करायचं काम ह्यूगो स्वतःच करतं. ज्यांना आपल्या घरासाठी करायचंय त्यांनी कमेंटमध्ये विचारा, माझ्या टेम्प्लेटच्या फाइली देईन.