संकलन अल्बम की सुटी सिंगल्स?
गणपतीआधी रत्नागिरीकडच्या पाच शक्ती-तुरा (कोकणातला सवाल-जवाबाच्या गाण्यांचा लोककला प्रकार) मंडळांची गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर काढायचीत. संकलनात अल्बमवर ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ आणि ट्रॅकवर मंडळाचं नाव. कव्हर एकच, ३००० बाय ३००० पिक्सेलचं. पण पैसे एकाच खात्यात येतात, म्हणून वाटणी आधीच लिहून घ्या. शिवाय स्पॉटिफायच्या संपादकीय प्लेलिस्टसाठी (त्यांचे संपादक निवडतात ती गाण्यांची यादी) संकलनातलं गाणं पिच करता, म्हणजे निवडीसाठी सुचवता, येत नाही.

सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, पिच करता येतं, प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी. कामं मात्र पाचपट, आणि शाहिराच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी गाणं भलत्याच कलाकाराच्या पानावर जातं.

आमच्या मते आधी सिंगल्स, मग संकलन. दोन्हीकडे ऑडिओ फाइल आणि आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) तेच ठेवा. नवा कोड घेतलात तर ऐकण्याचे आकडे विभागतात.