मराठी ऐकणारं-बोलणारं अ‍ॅप: फोनची तयार सेवा की सोबत दिलेलं मॉडेल?

मराठीत बोललेलं लिहून घेणारं आणि लिहिलेलं वाचून दाखवणारं मोबाइल अ‍ॅप करायला घेतलं की लगेच दोन वाटा समोर येतात. एक तर फोनमध्ये आधीच असलेली आवाज ओळखायची सेवा अँड्रॉइडच्या स्पीचरेकग्नायझरमार्फत वापरायची, नाहीतर ओपनएआयच्या व्हिस्परसारखं, बोललेलं लिहून देणारं खुलं मॉडेल अ‍ॅपसोबत फोनवरच उतरवायचं. आवाज मुद्दाम सर्व्हरवर पाठवायची तिसरी वाटही आहे (फोनमधली तयार सेवाही आवाज सर्व्हरवर पाठवू शकते, ते तपासून घ्या). पण माझं अ‍ॅप किराणा दुकानातल्या उधारीच्या नोंदींचं, आणि कोणाची किती बाकी आहे हे दुकानाबाहेर गेलेलं दुकानदाराला अजिबात नको होतं. त्यामुळे ती वाट इथे घेत नाही.

तयार सेवेची बाजू भक्कम आहे. कोड थोडका, अ‍ॅपचा आकार वाढत नाही, आणि बोलता बोलता शब्द पडद्यावर उमटतात. हे उमटणं मला आधी किरकोळ वाटायचं, पण वापरणाऱ्याला त्यानेच भरवसा येतो. शोधाचा रकाना किंवा एका दमात बोलायचा छोटा निरोप एवढंच काम असेल, तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

माझं घोडं अडलं ते शांततेपाशी. दुकानदार एका दमात बोलत नाही. ‘शिंदेकाकू…’ म्हणतो, काट्याकडे बघतो, ‘दीड किलो तूरडाळ…’ म्हणतो, मग मागच्या फळीवर हात घालत ‘आणि ते आपलं… दोन साबण.’ काट्याकडे बघेपर्यंत सेवेने गृहीत धरलेलं असतं की बोलणं संपलं. टुंग वाजतं आणि नोंद होते फक्त ‘शिंदे काकू’. कोडने लगेच पुन्हा ऐकायला लावलं, तर मधल्या क्षणात ‘दीड’ गळतो आणि ‘किलो तूरडाळ’ उरते. उधारीच्या वहीत एवढं गळून कसं चालेल?

किती मिलिसेकंद शांतता झाली की थांबायचं, हे सांगायची सोय आहे. पण फोनमधली सेवा ते मानेलच असं नाही, हे अँड्रॉइडच्याच कागदपत्रांत लिहिलंय. सलग ऐकत राहण्यासाठी हा एपीआय (अ‍ॅपने सेवेला हाक मारायची ठरलेली सोय) नाही, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. म्हणजे दोष कोणाचा नाही, कामच वेगळं आहे. अँड्रॉइड १३ पासून तुकड्या-तुकड्यांनी सलग ओळखण्याची तरतूद आली. तुमचे वापरकर्ते नव्या फोनवाले असतील तर ती आधी जरूर तपासा. माझ्या दुकानदारांकडे जुने फोन, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

मॉडेल सोबत असलं की मायक्रोफोन आपल्या ताब्यात राहतो. बटण दाबून धरा, बोला, सोडा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमुळे हे कोणाला शिकवावं लागत नाही. बोलणं कधी संपलं हे बोट ठरवतं, मग मध्ये कितीही वेळ काट्याकडे बघा.

याची किंमत मोजावी लागते, ती लपवत नाही. व्हिस्पर २०२२ मध्ये खुलं झालं, परवाना एमआयटीचा, त्यामुळे धंद्याच्या अ‍ॅपमध्येही वापरता येतं. पण व्हिस्पर-डॉट-सीपीपीसाठीची (म्हणजे व्हिस्पर चालवणाऱ्या सी-प्लस-प्लसमधल्या कोडसाठीची) ‘बेस’ या छोट्या मॉडेलची फाइल सुमारे १४० एमबी आणि त्याहून मोठ्या ‘स्मॉल’ची सुमारे ४६५ एमबी. ‘बेस’चं मराठी मला तरी वहीत उतरवण्याजोगं वाटलं नाही, आडनावं आणि जोडाक्षरं फार भरकटतात. ‘स्मॉल’ची आकुंचित आवृत्ती १८० एमबीच्या आसपास बसते, मी तीच घेतली. शिवाय हे मॉडेल आवाज ३० सेकंदांच्या खिडकीतून बघतं. नोंद चार सेकंदांची असली तरी उरलेली जागा शांततेने भरली जाते, म्हणून स्वस्त फोनवर उत्तराला वेळ लागतो आणि फोन कोमट होतो. नुसत्या शांततेत मनाने वाक्य रचायची खोडही त्याला आहे. आवाज फारच क्षीण असेल तर नोंद मॉडेलकडे पाठवूच नका. फक्त भारतीय भाषा हव्या असतील तर आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतची मॉडेलंही तपासण्याजोगी आहेत. मला सी-प्लस-प्लसमधलं तयार सामान हाताशी होतं, म्हणून मी व्हिस्परवर राहिलो.

दीड, अडीच, पावणेदोनशे यांचे आकडे करायचा तक्ता मात्र दोन्हीकडे स्वतःच लिहावा लागतो. त्यात कोणी सुटत नाही.

उलट्या बाजूला, म्हणजे वाचून दाखवायला, मी बिनदिक्कत फोनमधलाच टेक्स्ट-टू-स्पीच वापरतो. तिथे शांततेचा प्रश्नच नाही. मराठी आवाजाची फाइल फोनवर आहे का, हे भाषा लावतानाच तपासा आणि नसेल तर उतरवून घ्यायला सांगा. ‘रु.’, ‘कि.’ असली संक्षिप्त रूपं आणि आकडे आपणच अक्षरी करून द्या, नाहीतर काय कानावर पडेल याचा नेम नाही. नोंद झाल्या झाल्या ‘शिंदेकाकू, तूरडाळ दीड किलो, साबण दोन’ असं ऐकू आलं की दुकानदार मान वर न करता चूक पकडतो. मॉडेलच्या चुका मला परवडतात त्या यामुळेच.

एक काळजी घ्या: अ‍ॅप बोलत असताना कोणी बटण दाबलं, तर आधी ते बोलणं तोडा आणि मगच मायक्रोफोन उघडा. नाहीतर शिंदेकाकूंची डाळ पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावरही चढते.