पाण्याखालच्या काचेवरचा 'स्वयंस्वच्छ' लेप : मर्यादित उपयोगाचा

खाडीच्या तोंडाशी, जेटीच्या खांबाला कायमस्वरूपी बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी आम्ही टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असलेली काच घेतली. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तिचे वर्णन 'देखभालमुक्त' असे केलेले आहे. शेजारीच त्याच मापाची साधी काच बसवल्यामुळे दोन्हींतला फरक नीट पाहता आला.

लेपामागचे शास्त्र पक्के आहे. अतिनील किरण पडले की या लेपाच्या पृष्ठभागावर अत्यंत क्रियाशील मूलके (रॅडिकल्स) तयार होतात आणि चिकटलेल्या सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. इमारतींच्या खिडक्यांसाठी अशी काच २००१पासून बाजारात आहे; मात्र तिथे निम्मे काम पाऊस करतो, कारण लेपावर पाण्याचे थेंब न बनता पातळ पापुद्रा पसरतो आणि धूळ वाहून नेतो. सतत बुडालेल्या काचेला हा लाभ मिळत नाही. शिवाय लेप जागा होण्यासाठी सुमारे ३९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. गढूळ खाडीत असा प्रकाश वरच्या थरातच संपतो, रात्री तर तो नसतोच. आणि काचेवर थर धरणारे जिवाणू काही उजाडण्याची वाट पाहत थांबत नाहीत.

प्रत्यक्षात साध्या काचेपेक्षा लेपाच्या काचेवर बुळबुळीत थर उशिरा धरला आणि मऊ स्पंजाने सहज निघाला, हे मान्य केले पाहिजे. बार्नेकल (खडकांना, जहाजांना घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) मात्र चौकटीवर बसून कडेने आत सरकलेच. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) अडीचच्या आसपास, काचेचा दीड आणि पाण्याचा १.३३ असल्यामुळे परावर्तनही थोडे वाढते, जे कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा लावल्यावर खटकते.

पर्यायांपैकी सिलिकोनचे निसरडे लेप वाहत्या पाण्याच्या जोरावर स्वच्छ राहतात, म्हणून ते चालत्या जहाजाला शोभतात, स्थिर कॅमेऱ्याला नाहीत. पाणी झटकणारे लेप ज्याच्या जोरावर चालतात, तो हवेचा थर काही काळाने पाण्यात विरघळतो. वायपर भरवशाचा असला तरी वाळूचे कण अडकल्यास ॲक्रिलिकच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) खिडकीवर ओरखडे पडतात. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे सुमारे २७० नॅनोमीटरचे यूव्ही-सी (जंतुनाशक अतिनील) एलईडी. परंतु त्यांना वीज लागते, आणि प्रकाश आतून सोडायचा असेल तर साधी काच तो अडवत असल्याने क्वार्ट्झची खिडकीच घ्यावी लागते.

म्हणून उथळ, नितळ पाण्यात, भरपूर ऊन मिळणाऱ्या जागी आणि अधूनमधून हात फिरवायला माणूस उपलब्ध असेल, तरच ही काच घ्यावी. गढूळ खाडीसाठी तेच पैसे वायपरवर खर्च करावेत.