मंगळूर २०१० आणि कोझिकोड २०२०: धावपट्टी संपली कशी?

या दोन्ही अपघातांत विमान उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं, आणि दोष धावपट्टीच्या लांबीला दिला जातो. पण पुण्याच्या लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच हजार मीटर, मंगळूरची थोडी कमी, कोझिकोडची जास्त. म्हणजे 'लांबी कमी पडली' हे निदान अपुरं आहे. विमान कुठे टेकलं, ते बघा.

मंगळूरला, २२ मे २०१० रोजी, हवा स्वच्छ होती. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले. विमान उतरणीच्या योग्य रेषेच्या खूप वर राहिलं आणि ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं. सहवैमानिकाने तीनदा 'गो-अराउंड' (न उतरता पुन्हा वर जाणं) सुचवलं होतं. सर्वात घातक चूक त्यानंतरची: थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर पुढच्या दिशेने वळवून विमानाचा वेग कमी करणारी यंत्रणा) उघडल्यावर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न. रिव्हर्सर उघडले की थांबायचंच, कारण ते मिटून इंजिनांना पूर्ण जोर येईपर्यंत पट्टी संपते. विमान दरीत पडून पेटलं. १६६ पैकी १५८ जण गेले.

कोझिकोडला, ७ ऑगस्ट २०२० रोजी, मुसळधार पाऊस होता आणि कॅप्टनसमोरचा वायपर नीट चालत नव्हता. पहिला प्रयत्न सोडून दिला, तो निर्णय बरोबरच होता. दुसरा मात्र उलट दिशेने, पाठीमागून सुमारे १४ नॉट (ताशी सुमारे २६ किमी) वारा असताना. विमान धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढे जाऊन टेकलं. इथेही सहवैमानिकाची 'गो-अराउंड'ची हाक वाया गेली. १९० पैकी २१ दगावले; मंगळूरसारखा आगडोंब उसळला नाही, म्हणून बाकीचे वाचले.

दोन्हीकडे विमान बोइंग ७३७-८०० आणि धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची, टोकाला उतार असलेली. टेकायची जागा मात्र पहिल्या ३,००० फुटांतच असते.