चेक इंजिनचा दिवा आणि नऊशे रुपयांचा निळा डबा: दहा महिन्यांचा अनुभव

आमची गाडी २०१४ची. पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस-४. गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा पिवळा इंजिनचा दिवा लागला तो लागलेलाच राहिला. गाडी चालत होती, म्हणून मी तीन महिने काणाडोळा केला. जूनमध्ये सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा काउंटरवर उत्तर मिळालं, "मॅडम, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. साडेसहा हजार, वर लेबर." कोड कुठला आला विचारलं, तर म्हणे "ते सिस्टिममध्ये असतं." सेन्सर न बदलता गाडी घरी आणली आणि त्याच रात्री ओबीडी स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र.

स्कॅनर म्हणजे काडेपेटीहून थोडा मोठा प्लास्टिकचा डबा. स्टिअरिंगच्या खाली, बॉनेट उघडायच्या खटक्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचा आणि ब्लूटूथवरून फोनला जोडायचा. ॲप मी टॉर्क वापरते. पहिला डबा साडेचारशेचा होता. तो फोनला लगेच जोडला गेला, पण गाडीशी बोलेचना. परत केला. मग कळलं की या डब्यांत ईएलएम ३२७ नावाच्या चिपची नक्कल असते. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२मध्ये बंद झाली, नकला जोरात आहेत. गंमत म्हणजे 'व्ही १.५' अशी आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. माझ्या दुसऱ्या, नऊशेच्या डब्यावर ठळक अक्षरांत तेच छापलंय, आणि हा जन्मालाच न आलेला १.५ दहा महिने बिनतक्रार चालतोय. आमच्या ह्यांच्या आयफोनला मात्र तो सापडत नाही. आयफोनवाल्यांनी वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा बघून घ्यावा.

पहिल्याच दिवशी कोड आला पी०१७१. अर्थ: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इथेच बहुतेकजण फसतात, मीही फसणार होते. कोड काही 'हा पार्ट बदला' सांगत नाही. लहान मूल पोटावर हात ठेवून रडतं, तेवढंच तो सांगतो. ऑक्सिजन सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्याने 'हवा जास्त आहे' अशी तक्रार केली, म्हणून तक्रार करणाऱ्यालाच बदलायचं हा काउंटरवरचा न्याय होता.

डब्याचे पैसे खरे वसूल होतात ते ॲपमधल्या कोडच्या पुढच्या दोन पानांवर. एक फ्रीझ फ्रेम: कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडी काय करत होती त्याचा फोटोच म्हणा. माझ्या नोंदीत वेग शून्य, आरपीएम ७८०. म्हणजे गाडी जागेवर उभी होती. दुसरं लाइव्ह डेटा, आणि त्यातला फ्युएल ट्रिम. सेन्सर जे सांगतो त्यावरून ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा दाखवतो. शून्याच्या अलीकडे-पलीकडे दहापर्यंत असेल तर डोक्याला ताप नको. माझा गाडी उभी असताना अधिक २२ होता. ॲक्सिलरेटर दाबून आरपीएम २५०० वर धरलं की ७ वर यायचा. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा गाडीतला पंप कमजोर असता तर उलटं झालं असतं, मागणी वाढली की आकडा चढला असता. सेन्सरच मेला असता तर तो कुठल्याही आरपीएमला खोटंच बोलला असता.

हे दोन स्क्रीनशॉट घेऊन आमच्या कराडातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी फोनकडे फारसं पाहिलं नाही. विचारलं, "ताई, सकाळी थंड गाडी चालू केली की फट्फट् येतंय का?" येत होतं, आणि दहा मिनिटांत जायचं. "रात्रभर ठेवून जावा." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर गाडी चालू केली, सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबलं, आणि बॉनेटखालून फुस्स आवाज आला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, पॅकिंग गेलेलं. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि पुढे बसलेल्या सेन्सरला ती दिसायची. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता, हवा जास्त आहे! फक्त ती इंजिनातून आलेली नव्हती. इंजिन तापलं की लोखंड फुगून फट मिटायची, म्हणून आवाज जायचा. पॅकिंग आणि मजुरी मिळून साडेनऊशे. ट्रिम २२ वरून ५-६ वर आला, तिथेच आहे. त्यातले थोडे पंपावरच्या इथेनॉलचे असावेत. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ॲव्हरेज चौदावर घसरलं होतं, ते सोळाच्या पुढे गेलं.

दुसरा प्रसंग ऑगस्टचा. माहेर चिपळूण, त्यामुळे कुंभार्ली घाट पाठ आहे. पोफळी सोडून चढाला लागलो, पाऊस मी म्हणत होता, आणि इंजिन थरथरायला लागलं. दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला. लागून राहिलेला दिवा म्हणजे सवडीने दाखवा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, आत्ता पाय काढा. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं, त्या उष्णतेने आतली जाळी वितळू शकते. वळणावर रुंद जागा मिळाली तिथे थांबले, डबा लावला: पी०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसरा. ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावत हेळवाकपर्यंत आले, कोयनानगरला चहा घेतला, आणि मग गाडी अशीच रेटायची नाही असं ठरवून भावाला बोलावलं. घरी इंजिन थंड झाल्यावर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली. दहाचा पाना, एक बोल्ट, एक कनेक्टर, बस्स. कोड खोडून गाडी चालू केली तर पी०३०१. दुखणं कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे कॉइलच. प्लग आणि इंजेक्टरचा संशय आपोआप मिटला.

आता डब्याच्या कागाळ्या. दिवाळीत बारा दिवस बाहेर होतो आणि डबा सॉकेटमध्येच राहिला. परत आलो तर गाडी ढिम्म! सॉकेटची सोळावी पिन बॅटरीला थेट जोडलेली असते, चावी काढली तरी ती चालू. शेजारच्या काकांनी मल्टिमीटर लावला, डबा ४० मिलिअँपिअर ओढत होता. बारा दिवसांचे साडेअकरा अँपिअर-तास झाले, माझ्या म्हाताऱ्या बॅटरीला एवढे पुरे. काम झालं की काढून ठेवायचा. शिवाय एबीएस आणि एअरबॅगचे दिवे याला वाचता येत नाहीत. सासऱ्यांच्या २००८च्या गाडीत सॉकेट दिसतं, पण पलीकडून उत्तरच येत नाही. आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून (अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासूनच), त्यामुळे त्याआधीची गाडी असेल तर आधी कुणाचा तरी उसना लावून बघा. आणि अमेरिकन व्हिडिओंत दिवा लागला की पहिला सल्ला असतो पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. त्यांच्या गाड्या टाकीतली वाफ गळते का ते तपासतात. माझ्या गाडीत त्या चाचणीपुढे ॲप 'उपलब्ध नाही' दाखवतं. झाकण आवळून माझा दिवा जाणार नव्हता, आणि आवळून पाहिलं होतंच.

कोड खोडायचं बटणही जपून वापरायचं. दिवा जातो, बिघाड जागेवर असतो, आणि फ्रीझ फ्रेम पुसली जाते. पण याच बटणाने डिसेंबरमध्ये भाच्याचे पैसे वाचवले. तो जुनी गाडी बघत होता. डॅशबोर्ड स्वच्छ, एकही कोड नाही. "मावशी, दिवा नाहीये, मग टोकन देऊ ना?" मी ॲपमधलं वेगळं पान उघडलं. कोड खोडल्यापासून चाललेलं अंतर: ७ किलोमीटर. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्यांतल्या निम्म्या 'अपूर्ण'. म्हणजे आम्ही यायच्या थोडं आधी कुणीतरी पाटी पुसली होती. बॅटरी काढून लावली तरी तपासण्या अशाच अपूर्ण दिसतात, त्यामुळे चोरच म्हणायला नको. आम्ही एवढंच म्हटलं, शंभर किलोमीटर फिरवा, परवा पुन्हा बघतो. विकणाऱ्याचा फोन काही आला नाही.

दहा महिन्यांनंतर डबा घ्यावा का? आकड्यांत रस असेल, किंवा रस घेणारा मिस्त्री ओळखीचा असेल, तर जरूर. नुसता कोड बघून ऑनलाइन पार्ट मागवणार असाल तर नऊशे वाचवा, पुढचे हजारोही वाचतील.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. दुर्लक्ष केलेल्या त्या तीन महिन्यांत ईसीयू खोट्या बातमीवर जादा पेट्रोल ओतत होता, आणि ते सगळं कन्व्हर्टरने सोसलं. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचं व्होल्टेज गरम गाडीत ०.६ ते ०.७च्या आसपास शांत राहायला हवं, पुढच्या सेन्सरसारखं वर-खाली नाचायला नको. जुलैत ते शांत होतं. आता २५०० आरपीएमला मधूनच ०.३पर्यंत बुडी मारतं. कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड, पी०४२०, अजून आलेला नाही, दिवाही नाही. नव्या कन्व्हर्टरचा भाव मी विचारला नाहीये. दर रविवारी गाडी गरम करून तो आकडा किराणा लिहायच्या वहीच्या मागच्या पानावर टिपते. काल ०.३२ होता.