रोम की बंगळूर? कॅनन लॉ आणि देशाचा कायदा एकत्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

एलएलबी हातात आहे किंवा सेमिनरी (धर्मगुरू होण्याचं शिक्षण) पुरी झाली आहे, आणि आता कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, लायसन्शिएट (पोपच्या मान्यतेची उच्च पदवी) करायचं आहे. तेही केवळ धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलमधल्या, म्हणजे चर्चच्या न्यायालयातल्या, खुर्चीसाठी नव्हे, तर चर्चचा कायदा आणि देशाचा कायदा जिथे एकमेकांना भिडतात ती जागा नीट कळावी म्हणून. अशा माणसापुढे बहुतेक वेळा दोनच वाटा येतात: रोम किंवा बंगळूर. ओटावा, वॉशिंग्टन, ल्यूव्हेन हेही पर्याय आहेत, पण आपल्याकडून तिकडे जाणारे थोडे, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. कार्डिफच्या एलएलएमबद्दल हमखास विचारलं जातं. अभ्यास म्हणून ते चांगलं आहे, पण ती पोपच्या मान्यतेची पदवी नाही. कॅथलिक ट्रायब्युनलमध्ये न्यायाधीश व्हायला तिचा उपयोग नाही.

आधी एक गैरसमज. 'रोमची पदवी जड, बंगळूरची हलकी' असं सर्रास बोललं जातं. कागदावर दोन्ही सारख्याच आहेत. व्हॅटिकनच्या २००२ च्या फर्मानापासून लायसन्शिएट सगळीकडे तीन वर्षांचं, म्हणजे सहा सेमिस्टरचं झालं. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान न शिकलेल्या प्रापंचिकाला (धर्मगुरू नसलेल्याला) त्याआधी दोन वर्षांचा पहिला टप्पा करावा लागतो, म्हणजे एकूण पाच वर्षं. कायद्याची पदवी असेल तर रोमन लॉ आणि सिव्हिल लॉ अशा काही विषयांतून सूट मिळू शकते, तीन वर्षांतून मात्र नाही. 'वकील आहे, दोन वर्षांत उरकेन' हा हिशेब रोममध्येही चुकतो आणि बंगळूरमध्येही. एलएलबी व्हायची असेल तर ती आधी करा. बार कौन्सिलचे नियम एलएलबीच्या जोडीने दुसरा नियमित अभ्यासक्रम करू देत नाहीत.

पदवी मिळाल्यावरचं वजनही सारखंच. चर्चच्या कोडमधला (कायदेसंहितेतला) कॅनन, म्हणजे कलम, १४२१ न्यायाधीशाकडून डॉक्टरेट किंवा किमान लायसन्शिएट मागतो, १४३५ डिफेंडर ऑफ द बॉन्डकडून (विवाहबंधनाच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्या अधिकाऱ्याकडून) तेच मागतो. पदवी कुठून आणली, हे दोन्ही विचारत नाहीत. २०१५ च्या सुधारणेनंतर विवाह शून्य ठरवण्याच्या दाव्यांत तिघांच्या पीठात दोन न्यायाधीश प्रापंचिक असू शकतात, त्यामुळे वकिली करणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी हा रस्ता आता खरोखर उघडला आहे. नेमणूक अर्थात बिशपांच्या हातात.

आता रोमची बाजू, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. ग्रेगोरियन, लॅटेरन, सांता क्रोचे, उर्बानियाना ही सगळी विद्यापीठं एकाच शहरात आहेत, आणि त्यांच्या ग्रंथालयांची बरोबरी आपल्याकडे होत नाही. लॅटेरनमध्ये तर चर्चचा आणि राज्याचा असे दोन्ही कायदे एका छपराखाली शिकवण्याची परंपरा १८५३ पासूनची. संस्थेचं नावच 'दोन्ही कायद्यांची'. रोटाचे, म्हणजे व्हॅटिकनच्या अपील न्यायालयाचे, निकाल लॅटिनमध्ये असतात. ते भाषांतरावाचून वाचता येणं ही पुढे आयुष्यभर पुरणारी शिदोरी आहे. रोटाचा वकील व्हायचं असेल तर रोमला पर्यायच नाही.

भारतीय वकिलाच्या डोक्यातली एक सवयही रोम मोडतो. आपण पूर्वनिर्णयांवर वाढलेलो. घटनेचं कलम १४१ (सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्या न्यायालयांना बांधतो) रक्तात भिनलेलं. कॅनन १६ चा तिसरा परिच्छेद सांगतो की न्यायालयाच्या निकालाला कायद्याचं बळ नाही, तो फक्त त्या पक्षकारांना बांधतो. साक्षीदाराला प्रश्न न्यायाधीश विचारतो, वकील आपले प्रश्न त्याच्याकडे सोपवतो. उलटतपासणीचं नाट्य नाही. 'वाजवी शंकेपलीकडे' ही फूटपट्टी नाही, कॅनन १६०८ ची नैतिक निश्चिती हवी. लिखित संहितेवर वाढलेल्या युरोपीय वकिलांमध्ये बसून हे जितक्या लवकर अंगवळणी पडतं तितकं आपल्यात राहून पडत नाही, असं मला वाटतं.

इटालियनची भीती सगळ्यांना असते. माझ्या हिशेबाने पहिलं वर्षभर डोकं निम्मं भाषेत आणि निम्मं विषयात असतं. पण ती अडचण सरते.

न सरणारी अडचण वेगळीच आहे, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. रोमच्या पुस्तकांत 'राज्य' हा शब्द आला की ते राज्य बहुतेक वेळा व्हॅटिकनशी करार केलेलं असतं. इटलीने १९२९ मध्ये असा करार, म्हणजे कॉन्कॉर्डाट, केला, १९८४ मध्ये तो सुधारला. तिथे चर्चने विवाह मुळात शून्य ठरवला की तो निकाल अपील न्यायालयापुढे जातो, काही अटी तपासल्या जातात आणि त्याला नागरी परिणाम मिळतो. पोर्तुगालचा असाच करार होता. त्याच्या सावलीत १९४६ च्या पोर्तुगीज फर्मानाने गोव्यातही चर्चच्या निकालाला उच्च न्यायालयामार्फत नागरी वाट दिली होती. त्यामुळे पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण शेवटी एका पायरीवर येऊन थांबतं: 'आता राज्याकडून मान्यता घ्या.' महाराष्ट्रात ती पायरीच नाही. १९९६ च्या मॉली जोसेफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चर्च ट्रायब्युनलच्या निकालाने कायद्यापुढचं लग्न संपत नाही, त्यासाठी न्यायालयाचाच हुकूम हवा. २०१७ मध्ये क्लॅरेन्स पाइस यांच्या जनहित याचिकेतही तेच उत्तर मिळालं. ट्रायब्युनलचा कागद घेऊन दुसरं लग्न केलं तर कायद्याच्या नजरेत पहिलं लग्न उभंच असतं.

म्हणजे आपल्याला दोन दावे समांतर चालवावे लागतात आणि दोहोंचा पुरावा एकमेकांना फारसा लागू पडत नाही. ट्रायब्युनलमध्ये बहुतेक भर कॅनन १०९५ वर, म्हणजे निर्णयक्षमतेचा गंभीर अभाव किंवा मानसिक कारणाने विवाहाची कर्तव्यं पेलता न येणं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यातली विवाह शून्य ठरवण्याची कारणं याहून फार अरुंद आहेत. मग नागरी बाजूला बहुधा परस्पर संमतीचा घटस्फोट मागितला जातो, आणि मानसतज्ज्ञाचा जो अहवाल एकीकडे दाव्याचा कणा असतो तो दुसरीकडे उघडायचीही गरज पडत नाही. क्रम चुकला तर पक्षकार मध्येच लटकतो: चर्चचा निकाल हाती, नागरी हुकूम नाही, आणि नागरी कायदा ओळखणार नाही असं लग्न लावायला कॅनन १०७१ धर्मगुरूला बिशपांची परवानगी घ्यायला लावतो. आपल्याकडे रोजचा प्रश्न हा आहे. कॉन्कॉर्डाटच्या तासाला तो तळटीपेतही येत नाही.

याला उलटा दाखलाही आहे, म्हणून 'भारतीय न्यायालयं कॅनन लॉ बघतच नाहीत' असंही म्हणू नये. १९७२ च्या लक्ष्मी सन्याल खटल्यात प्रश्न होता जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या कॅथलिक जोडप्याचा. सर्वोच्च न्यायालयाने चर्चने दिलेली सूट ग्राह्य धरली आणि लग्न वैध ठरवलं. कुठे कॅनन लॉ आत येतो आणि कुठे दाराशी थांबतो, हे अशा निकालांतून उमगतं.

मालमत्तेचं तर विचारूच नका. कॅनन १२९० करारांच्या बाबतीत सरळ देशाच्या कायद्याकडे बोट दाखवतो. इटलीत ते बोट इटालियन सिव्हिल कोडकडे जातं, आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याकडे आणि चर्चची जमीन सार्वजनिक न्यासाच्या नावावर असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ कडे. त्या कलमाखाली स्थावर विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक भाड्याने द्यायची तरी लागते. कॅनन लॉची मंजुरी निराळी: जाणकारांचं लेखी मूल्यांकन, मग व्यवहार बिशप-परिषदेने ठरवलेल्या रकमेच्या वर असेल तर अर्थसमिती आणि सल्लागार मंडळाची संमती, आणि मग बिशपांची परवानगी. वरच्या मर्यादेपलीकडे गेला तर व्हॅटिकनचीही.

गोची क्रमाची आहे. चर्चची परवानगी ठरावीक खरेदीदार आणि ठरावीक किमतीसाठी घेतलेली असते. आयुक्तांनी जाहीर बोली मागवली की दोन्ही बदलू शकतात, आणि रक्कम वरची मर्यादा ओलांडू शकते. मग पहिली परवानगी अपुरी. म्हणून परवानगी मागतानाच किमान किंमत लिहावी आणि खरेदीदाराचं नाव मोकळं ठेवावं, आणि आयुक्तांच्या मंजुरीनंतर, खरेदीखताआधी, बिशपांच्या कार्यालयाकडे फाइल पुन्हा न्यावी. नागरी कायद्याने वैध पण कॅनन लॉने सदोष अशा विक्रीचं काय करायचं याला कॅनन १२९६ आहे, पण तोवर जमीन गेलेली असते.

दोन्ही कायदे भिडतात असं तिसरं ठिकाण सर्वांत नाजूक. अल्पवयीनावरच्या अत्याचाराची तक्रार आली की कॅनन १७१७ प्राथमिक चौकशी सांगतो. पॉक्सोचं कलम १९ कुणाही व्यक्तीला पोलिसांना कळवायला बांधतं. आधी चौकशी, मग बघू, असा क्रम लावणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. हा क्रम भारतातल्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवता येतो, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला तो उद्या लागणार असतो.

एवढ्यावरून माझा कल कळला असेलच. आधी एलएलबी, मग बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या सेंट पीटर्स संस्थेत लायसन्शिएट, हा क्रम मला आपल्या कामाला जवळचा वाटतो. लॅटिनचा भार मात्र स्वतः उचलावा लागेल, त्यात ढिलाई केली की रोटाचे निकाल कायमचे परके राहतात. डॉक्टरेटला रोम गाठता येतंच, आणि तोवर कुठला प्रश्न घेऊन जायचा हेही ठरलेलं असतं. सिरो-मलबार (केरळचं पौर्वात्य रीतीचं कॅथलिक चर्च) विवाहांशी संबंध येणार असेल, आणि मुंबई-कल्याण पट्ट्यात तो येतोच, तर बंगळूरच्याच धर्माराम विद्याक्षेत्रमचा पौर्वात्य कॅनन लॉचा अभ्यासक्रम पाहावा. लॅटिन (रोमन रीतीच्या) चर्चमध्ये डीकन, म्हणजे पुरोहिताच्या खालच्या पायरीचा सेवक, लग्न लावू शकतो. वधू-वरांपैकी एक जण जरी पौर्वात्य चर्चचा असला तरी मात्र पुरोहितच लागतो, आणि २०१६ पासून हे लॅटिन कोडमध्येही लिहिलेलं आहे.

कोडची प्रत जुनी घेत असाल तर कॅनन १३९८ उघडून बघा. तिथे गर्भपात दिसला तर ती २०२१ च्या आधीची आहे, शिक्षेचं सहावं पुस्तक त्यात बदललेलं नाही. नव्या प्रतीत तिथे अल्पवयीनांविरुद्धचे गुन्हे आहेत. आणि प्रवेशाचा अर्ज कुठेही करा, त्याआधी डीनना एक ईमेल पाठवा: तुमच्याकडे 'सिव्हिल लॉ' म्हणून कुठल्या देशाचा कायदा शिकवतात?