कपाला मर्यादा की साखरेवर कर?

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने लठ्ठपणाला आळा घालायला २०१२ मध्ये उपाहारगृहांतल्या गोड पेयांचा कप १६ औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे ४७० मिलीपर्यंतच ठेवायचं ठरवलं. विचार बरोबर होता: समोर जास्त आलं की माणूस जास्त पितो, आणि पेयातल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही. पण दुसरा कप घ्यायला आडकाठी नव्हती. शेवटी २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियमच रद्द ठरवला.

ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांच्या उत्पादकांवर कर लावला. १०० मिलीत ५ ग्रॅम साखर असली तर लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून २४ (सुरुवातीचे दर). कर टाळायला अनेक कंपन्यांनी साखरच कमी केली. कपावर मर्यादा घालावी लागली नाही. हाच मार्ग सरस. बर्गर आणि फ्राइज मात्र त्यातूनही सुटतात.